नवा मुख्य प्रशिक्षक आला की सर्वात आधी कोणाला बोलावतो? फुटबॉलमधला ‘कोचिंग स्टाफ’ असा जमतो

एखाद्या मोठ्या फुटबॉल क्लबने नवा मुख्य प्रशिक्षक नेमला की सोशल मीडियावर दोन प्रश्न लगेच सुरू होतात. तो कोणते खेळाडू विकत घेणार? आणि संघ कोणत्या पद्धतीने खेळणार? पण या दोन्ही प्रश्नांच्या आधी त्याला एका तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. रोज सकाळी मैदानावर आपल्या शेजारी उभं कोण राहणार?

क्लबच्या निवेदनात सहायकांची नावं शेवटच्या परिच्छेदात येतात आणि बहुतेक चाहते तिथवर पोहोचतही नाहीत. पण नव्या प्रशिक्षकाचे पहिले सहा महिने कसे जातील, याचा अंदाज अनेकदा याच परिच्छेदातून येतो. सोबत कोणाला आणलं, आधीपासून असलेल्यांपैकी कोणाला ठेवलं आणि कोणाला निरोप दिला, या तीन निर्णयांनी मोठमोठे क्लब सावरलेही आहेत आणि घसरलेही आहेत.

स्टाफमध्ये नेमकं कोण कोण असतं?

मुख्य प्रशिक्षक हा चेहरा असतो. प्रत्यक्ष काम एक अख्खी टीम करते.

सहायक प्रशिक्षक हा त्याचा उजवा हात. अनेक क्लबांमध्ये रोजचा सराव हाच माणूस आखतो आणि घेतोही. मुख्य प्रशिक्षक बाजूला उभा राहून निरीक्षण करतो आणि गरज वाटली तिथे थांबवून बोलतो.

गोलरक्षक प्रशिक्षक हे वेगळंच खातं. गोलरक्षकांचा बराचसा सराव बाकी संघापासून वेगळा होतो, त्यामुळे इथे त्या जागेची बारीक जाण असलेला माणूस लागतो. बहुतेक वेळा तो स्वतः माजी गोलरक्षक असतो.

तंदुरुस्ती प्रशिक्षक कोणत्या दिवशी किती पळायचं, सामन्यानंतर किती विश्रांती द्यायची हे ठरवतो. दुखापतींचं प्रमाण वाढलं की पहिलं बोट त्याच्याकडे जातं.

विश्लेषक प्रतिस्पर्ध्यांचे सामने पुन्हा पुन्हा पाहून त्यांच्या कच्च्या बाजू शोधतो. २०१८ पासून नियमांनी मैदानालगतच्या बाकावर टॅबलेटसारखी छोटी उपकरणं वापरायला परवानगी दिली. त्यामुळे या माणसाचं काम आता सामना सुरू असतानाही चालतं.

सेट पीस प्रशिक्षक ही तुलनेने नवी जागा आहे. कॉर्नर आणि फ्री किकवर गोल कसा करायचा आणि कसा रोखायचा, एवढंच त्याचं काम. आर्सेनलने २०२१ मध्ये मँचेस्टर सिटीकडून निकोलस जोव्हर यांना याच कामासाठी आणलं. आज आर्सेनलला कॉर्नर मिळाला की टीव्हीचा कॅमेरा अनेकदा त्यांच्याकडेही वळतो.

इतकी माणसं असली तरी नियमानुसार सामन्यादरम्यान मैदानालगतच्या आखलेल्या जागेतून एका वेळी एकच व्यक्ती खेळाडूंना डावपेचाच्या सूचना देऊ शकते. म्हणजे आवाज एकाचाच. त्यामागचा विचार मात्र अनेकांचा असतो.

माणसं तीन वाटांनी येतात

बहुतेक स्टाफ तीन प्रकारच्या माणसांतून उभा राहतो.

पहिली, सोबत आणलेली. जुन्या क्लबमध्ये वर्षानुवर्षं एकत्र काम केलेली ही माणसं असतात. प्रशिक्षकाने अर्धं वाक्य बोललं की उरलेलं त्यांना कळतं. नव्या ठिकाणी पहिल्या दिवसापासून तीच पद्धत सुरू करायची तर ती हवीतच.

दुसरी, घरातली. ही आधीपासून क्लबमध्येच असतात. ड्रेसिंग रूममध्ये कोणाचं कोणाशी जमत नाही, कोणता खेळाडू ओरडल्यावर खुलतो आणि कोणता कोमेजतो, अकादमीतला कोणता पोरगा तयार आहे, हे त्यांना ठाऊक असतं. ही माहिती कोणत्याही फाइलमध्ये मिळत नाही.

तिसरी, बाहेरून हेरलेली. एखादं काम आपल्याला किंवा आपल्या माणसांना जमत नाही, हे ओळखून त्या कामासाठी शोधलेला तज्ज्ञ.

सगळी गंमत या तिघांच्या प्रमाणात आहे. फक्त आपलीच माणसं भरली तर चूक दाखवणारं कोणी उरत नाही. फक्त जुनीच ठेवली तर नवं काही रुजत नाही. हे प्रमाण बिघडलं आणि जमलं, अशी दोन्ही उदाहरणं इंग्लंडमध्ये आहेत.

मँचेस्टर युनायटेड, २०१३: घराची आठवण एकदमच गेली

मे २०१३ मध्ये सर अॅलेक्स फर्ग्युसन यांनी निवृत्ती जाहीर केली. १९८६ पासून ते युनायटेडचे मॅनेजर होते आणि नुकतंच त्यांच्या संघाने ११ गुणांच्या फरकाने प्रीमियर लीग जिंकली होती. त्यांच्या जागी एव्हर्टनमध्ये ११ वर्षं काम केलेले डेव्हिड मोयेस आले. करार तब्बल सहा वर्षांचा होता.

मोयेस यांनी एव्हर्टनमधले आपले सहकारी सोबत आणले: स्टीव्ह राउंड, जिमी लम्सडेन आणि गोलरक्षक प्रशिक्षक ख्रिस वुड्स. फर्ग्युसन यांचे सहायक माइक फेलन, सरावाची धुरा सांभाळणारे रेने म्युलेनस्टीन आणि गोलरक्षक प्रशिक्षक एरिक स्टील हे तिघेही क्लबबाहेर गेले. क्लबशी जुनं नातं असलेली माणसं म्हणून माजी खेळाडू फिल नेव्हिल आणि तेव्हाही खेळत असलेला रायन गिग्ज यांना स्टाफमध्ये घेतलं गेलं. पण दोघेही प्रशिक्षक म्हणून नवखे होते. विजेत्या संघाचा रोजचा सराव कसा चालायचा, हे प्रशिक्षकाच्या जागेवरून पाहिलेलं कोणीच उरलं नाही.

भरीस भर म्हणजे क्लबचे मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गिल यांनीही त्याच उन्हाळ्यात पद सोडलं. मैदानावरची आणि कार्यालयातली, दोन्हीकडची जुनी जाण एकाच वेळी गेली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २२ एप्रिल २०१४ रोजी मोयेस यांना हटवण्यात आलं. जेमतेम दहा महिने झाले होते आणि गतविजेता संघ सातव्या स्थानावर होता.

हे अपयश फक्त स्टाफमुळे आलं असं म्हणणं मोयेस यांच्यावर अन्याय होईल. संघातले अनेक खेळाडू वयाने उतरणीला लागले होते आणि त्या उन्हाळ्यातली मोठी खरेदी म्हणाल तर एकच, एव्हर्टनचाच मरुआन फेलैनी. फर्ग्युसन यांच्यानंतर कोणीही आलं असतं तरी ओझं तेवढंच जड होतं. पण ते ओझं उचलताना वाट माहीत असलेलं माणूस सोबत नव्हतं, हेही तितकंच खरं.

मोयेस यांची बाजू समजून घ्यायला हवी. २६ वर्षं एकाच माणसाखाली चाललेल्या घरात जुनी माणसं ठेवली असती, तर प्रत्येक निर्णयावर ‘आधी असं नव्हतं’ हे ऐकावं लागण्याची भीती होती. आपली माणसं जवळ असावीत असं वाटणं स्वाभाविकच. स्वतः फर्ग्युसनही १९८६ मध्ये अॅबर्डीनमधले सहकारी आर्ची नॉक्स यांना घेऊनच आले होते. फरक इतकाच, की तेव्हाचं युनायटेड घसरणीला लागलेलं होतं. २०१३ चं युनायटेड विजेतं होतं. पडकं घर नव्याने बांधणं वेगळं आणि नांदत्या घराचे वासे बदलणं वेगळं.

चेल्सी, २००४: चौघं बाहेरचे, एक घरातला

याच्या नेमकं उलट उदाहरण योसे मोरिन्यो यांचं. पोर्तोला चॅम्पियन्स लीग जिंकून दिल्यावर ते २००४ च्या उन्हाळ्यात चेल्सीत आले. सोबत पोर्तोतली फळी होती: सहायक बाल्तेमार ब्रितो, तंदुरुस्तीची जबाबदारी असलेले रुई फारिया, गोलरक्षक प्रशिक्षक सिल्विनो लोरो आणि प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास करणारे तरुण आंद्रे व्हिलास-बोआस.

पण मोरिन्यो यांनी एक जागा मुद्दाम क्लबमधल्या माणसाला दिली. स्टीव्ह क्लार्क चेल्सीकडून ११ वर्षं खेळले होते आणि त्या वेळी क्लबच्या युवा खेळाडूंना शिकवत होते. त्यांना थेट मुख्य संघाचे सहायक करण्यात आलं. इंग्लिश फुटबॉल, चेल्सीचे खेळाडू आणि क्लबची रीत या तिन्ही गोष्टी माहीत असलेला माणूस अशा रीतीने आतल्या वर्तुळात आला. त्या मोसमात चेल्सीने ३८ सामन्यांत फक्त १५ गोल स्वीकारले, ९५ गुण मिळवले आणि ५० वर्षांनी पहिल्यांदा इंग्लंडचं विजेतेपद पटकावलं.

लिव्हरपूल, २०१५: मेंदू, डोळा आणि थ्रो-इन

युर्गन क्लॉप यांची नेमणूक ८ ऑक्टोबर २०१५ रोजी झाली, म्हणजे मोसम सुरू झालेला असताना. त्यांच्यासोबत दोघं आले. झेल्को बुवाच हे माइन्झमध्ये क्लॉप यांच्यासोबत खेळलेले आणि नंतर माइन्झ व डॉर्टमुंड दोन्हीकडे त्यांचे सहायक. पीटर क्राविट्झ हे सामन्यांच्या चित्रफितींचे जाणकार. क्लॉप बुवाच यांना ‘मेंदू’ आणि क्राविट्झ यांना ‘डोळा’ म्हणत.

आधीच्या सगळ्यांनाच त्यांनी हलवलं नाही. २००९ पासून क्लबमध्ये असलेले गोलरक्षक प्रशिक्षक जॉन आख्टरबर्ग राहिले. आधीचे मॅनेजर ब्रेंडन रॉजर्स यांच्या काळात पोर्तोहून आलेले डच प्रशिक्षक पेपिन लाइंडर्स हेही राहिले.

मग उणिवा एकेक करून भरल्या गेल्या. २०१६ मध्ये बायर्न म्युनिकमधून तंदुरुस्तीसाठी अँड्रियास कॉर्नमायर आणि आहारतज्ज्ञ म्हणून मोना नेमर आल्या. २०१८ मध्ये तर क्लॉप यांनी थ्रो-इनसाठी वेगळा प्रशिक्षक आणला. डेन्मार्कचे थॉमस ग्रोनेमार्क यांच्या नावावर एकेकाळी सर्वात लांब थ्रो-इनचा जागतिक विक्रम होता, ५१.३३ मीटर. लिव्हरपूलला त्यांनी लांब फेकण्यापेक्षा थ्रो-इननंतर चेंडू आपल्याकडेच कसा राहील, हे शिकवलं. या नेमणुकीची तेव्हा बरीच टिंगल झाली. क्लॉप यांचं गणित मात्र सोपं होतं: हा विषय आपल्याला नीट येत नाही, मग ज्याला येतो त्याला बोलवा.

आणि ‘मेंदू’च निघून गेला तर?

एप्रिल २०१८ च्या अखेरीस, रोमाविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग उपांत्य फेरीचे दोन सामने सुरू असतानाच बुवाच संघापासून दूर झाले. क्लबने वैयक्तिक कारण सांगितलं. ते परतले नाहीत. १७ वर्षांची जोडी तुटली आणि आता क्लॉप यांचं काय होणार, यावर मथळे आले.

उत्तर घरातच होतं. लाइंडर्स जानेवारी २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या एनईसी या क्लबचे मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले होते. त्या उन्हाळ्यात क्लॉप यांनी त्यांना परत बोलावलं आणि बुवाच यांच्या जागेची बरीचशी जबाबदारी त्यांच्याकडे सोपवली. म्हणजे २०१५ मध्ये ज्या ‘जुन्या’ माणसाला निरोप देणं सोपं होतं, तोच तीन वर्षांनी आधार ठरला. २०१९ मध्ये लिव्हरपूलने चॅम्पियन्स लीग जिंकली. त्यानंतरच्या मोसमात ९९ गुणांसह लीगही जिंकली, ३० वर्षांनी पहिल्यांदा.

चांगला सहायक कायम राहत नाही, हे प्रत्येक मुख्य प्रशिक्षकाला गृहीत धरावंच लागतं. फर्ग्युसन यांनी आपल्या कारकिर्दीत नॉक्स, ब्रायन किड, स्टीव्ह मॅक्लारेन, कार्लोस क्विरोझ, फेलन असे एकामागून एक सहायक बदलले. डिसेंबर १९९८ मध्ये किड ब्लॅकबर्नचे मॅनेजर व्हायला गेले. फेब्रुवारी १९९९ मध्ये मॅक्लारेन आले आणि मे महिन्यात युनायटेडने तीन करंडक एकाच मोसमात जिंकले. मिकेल आर्तेता यांनी २०१६ पासून पेप ग्वार्डिओला यांच्या हाताखाली धडे घेतले आणि डिसेंबर २०१९ मध्ये ते आर्सेनलचे मुख्य प्रशिक्षक झाले. प्रत्येक वेळी मागे राहिलेल्या माणसाला पुन्हा फोन हातात घ्यावा लागला.

‘मॅनेजर’ आणि ‘हेड कोच’ यात फरक काय?

क्लॉप ‘मॅनेजर’ होते. २०२४ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या अर्ने स्लॉट यांचं पद मात्र ‘हेड कोच’ असं होतं. हा नुसता शब्दांचा खेळ नाही.

पूर्वी मॅनेजर म्हणजे क्लबचा जवळपास कर्ता पुरुष. खेळाडूंची खरेदी, स्काउट, डॉक्टर, अकादमी, सगळ्यात त्याचा शब्द चाले. ‘हेड कोच’ पद्धतीत क्रीडा संचालक, वैद्यकीय विभाग, आकडेवारीचा विभाग आणि स्काउट हे क्लबचे असतात. प्रशिक्षक येतो, जातो. ते राहतात. नव्या प्रशिक्षकाला दोन-चार विश्वासू माणसं आणता येतात आणि उरलेल्यांशी जुळवून घ्यावं लागतं.

क्लॉप यांच्यासोबत लाइंडर्स आणि क्राविट्झही गेले. स्लॉट यांनी फेयेनूर्दमधून सहायक सिप्के हुल्सहॉफ आणि तंदुरुस्तीसाठी रुबेन पीटर्स यांना आणलं. नेदरलँड्सचे माजी बचावपटू जॉन हायटिंगा हेही सहायक म्हणून आले. पहिल्याच मोसमात लिव्हरपूल लीगचा विजेता झाला. लगेच हायटिंगा आयॅक्सचे मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले आणि त्यांच्या जागी जिओव्हानी व्हॅन ब्रॉन्कहोर्स्ट आले. चक्र पुन्हा सुरू.

पैसा, परवाने आणि कागदपत्रं

मनात नावं पक्की असली तरी ती मिळतीलच असं नाही. दुसऱ्या क्लबशी करार असलेल्या सहायकाशी बोलण्याआधी त्या क्लबची परवानगी लागते. करार मोडायचा तर भरपाई द्यावी लागते. त्यामुळे मुख्य प्रशिक्षकासाठी पैसे मोजणाऱ्या क्लबला त्याच्या तीन-चार साथीदारांसाठी वेगळी रक्कम मोजावी लागू शकते.

परवान्याचा प्रश्नही असतो. युरोपातल्या प्रमुख लीगमध्ये मुख्य प्रशिक्षकाला ‘युएफा प्रो’ हा सर्वोच्च परवाना आवश्यक असतो. आशियात त्याच पातळीवर ‘एएफसी प्रो’ आहे. ब्रेक्झिटनंतर इंग्लंडमध्ये युरोपीय प्रशिक्षकांनाही तिथल्या फुटबॉल संघटनेची मान्यता आणि कामाचा व्हिसा लागतो.

आणि या सगळ्यात सर्वात कमी बोललं जातं ते सहायकाच्या पोटापाण्याबद्दल. मुख्य प्रशिक्षकाला काढलं की निवेदनात बहुधा एक ओळ असते, ‘त्यांचे सहायकही क्लब सोडत आहेत.’ मुख्य प्रशिक्षकाचा करार मोठ्या रकमेचा असतो आणि त्याचं नावही मोठं असतं. त्याला पुढचं काम मिळतं. सहायकाने घरदार हलवून, मुलांच्या शाळा बदलून दुसऱ्याच्या नशिबाशी आपलं नशीब बांधलेलं असतं. म्हणूनच ‘माझ्यासोबत येतोस का?’ हा प्रश्न विचारणाऱ्यासाठी जितका मोठा, त्याहून ऐकणाऱ्यासाठी मोठा असतो.

गोवा आणि मुंबईतही हेच घडलं

हा प्रश्न फक्त युरोपातला नाही. इंडियन सुपर लीगच्या २०१९-२० मोसमात साखळीतले तीन सामने उरले असताना एफसी गोवाने स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना दूर केलं. संघ विजेतेपदाच्या शर्यतीत आघाडीवर होता. इतक्या कमी दिवसांत बाहेरून माणूस आणून काही साधलं नसतं. जबाबदारी मिळाली ती स्टाफमध्येच असलेले गोव्याचे माजी खेळाडू क्लिफर्ड मिरांडा यांना. उरलेले तिन्ही सामने जिंकून गोव्याने लीग शील्ड मिळवली आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. घरातल्या माणसाची किंमत यापेक्षा स्पष्ट दिसणार नाही.

दुसरी बाजूही त्याच गोष्टीत आहे. लोबेरा पुढच्या मोसमात मुंबई सिटीत आले. गोव्यातले सहकारी हेसूस तातो त्यांचे सहायक होते. मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बुमूस आणि गोव्याचाच मंदार राव देसाई हे ओळखीचे खेळाडूही मुंबईत आले. २०२०-२१ मध्ये मुंबईने शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले. सोबत आणलेल्या माणसांनी पद्धत किती लवकर रुजते, याचं हे उदाहरण.

पुढच्या वेळी बातमी वाचताना काय पाहाल?

नव्या प्रशिक्षकाची घोषणा झाली की शेवटच्या परिच्छेदात चार गोष्टी शोधा.

- सोबत किती जण आले? एकही नसेल तर पद्धत रुजायला वेळ लागेल. सगळेच नवे असतील तर घराची ओळख व्हायला वेळ लागेल.
- आधीच्या स्टाफमधलं कोण राहिलं? आणि त्याला खरं काम दिलंय की नुसतं पद?
- गोलरक्षक प्रशिक्षक बदलला का? तसं असेल तर गोलरक्षकांच्या क्रमवारीवरही लक्ष ठेवा.
- प्रशिक्षकाला जे येत नाही, त्यासाठी कोणी आणलंय का?

शेवटचा मुद्दा सर्वात महत्त्वाचा. आपलीच री ओढणारी माणसं गोळा करणं कोणालाही जमतं. आपल्याला काय येत नाही हे ओळखून त्या जागी आपल्यापेक्षा जाणता माणूस बसवायचा आणि त्याने ‘नाही’ म्हटलं तर ऐकून घ्यायचं, हे करणारे थोडे. संघ हरायला लागला की डावपेच सगळ्यांच्याच तोंडी असतात. मुख्य प्रशिक्षकाशी दार बंद करून खरं बोलू शकणारा माणूस मात्र त्या आधीच नेमलेला असावा लागतो.